सेमिनारला जाताना गाडीचे आकडे बरोबर न्या

रेसिंग गाडीच्या डिझाइनवरचा चांगला सेमिनार बहुतेक वेळा टायरपासून सुरू होतो. फॉर्म्युला स्टुडंट या स्पर्धेसाठी स्वतः छोटी रेसिंग गाडी बनवणाऱ्या कॉलेजच्या टीममधली मुलं-मुली मात्र सस्पेन्शन ऐकायला आलेली असतात. रोल सेंटर (वळणात गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो) किती उंचीवर ठेवायचं, कॅम्बर (चाकाचा उभा कल) किती द्यायचा, विशबोन (चाक धरणारे त्रिकोणी दांडे) किती लांब, हे त्यांचे प्रश्न. पहिल्या दिवसाचा मोठा भाग रबरात गेला की मागच्या रांगांत चुळबुळ सुरू होते. शिकवणाऱ्याचा क्रम मात्र बरोबर असतो. गाडी जमिनीला चारच ठिकाणी टेकते, आणि सस्पेन्शनचं सगळं काम त्या चार ठिकाणांसाठी चालतं. टायरला काय हवं हे ठाऊक नसताना काढलेली भूमिती पडद्यावर देखणी दिसते, एवढंच.

व्यावसायिक लोकांनी विद्यार्थ्यांना शिकवण्याची परंपरा या स्पर्धेइतकीच जुनी म्हणता येईल. ती फॉर्म्युला एसएई या नावाने १९८१मध्ये अमेरिकेत ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठात सुरू झाली. १९६०च्या दशकात ल माँ शर्यतीच्या फोर्ड मोहिमेत काम केलेले कॅरॉल स्मिथ पुढे कित्येक वर्षं या स्पर्धेत डिझाइनचे परीक्षक होते आणि मुलांच्या गाड्यांखाली वाकून बोल्ट तपासत होते. आज हे काम करणाऱ्यांत क्लोद रुएल यांचं नाव सगळ्यांत परिचित आहे. त्यांच्या ऑप्टिमम-जी या कंपनीच्या काही दिवसांच्या सेमिनारमध्ये रेस टीमचे इंजिनिअर, कार कंपन्यांतले लोक आणि विद्यार्थी एकाच खोलीत बसतात. आपल्याकडच्या मुलांसाठी ही संधी मोठी आहे. पुण्या-मुंबईच्या कितीतरी टीम दर वर्षी कोइमतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर फॉर्म्युला भारत या आपल्याकडच्या स्पर्धेसाठी उतरतात, आणि त्यांतल्या बहुतेकांचं वाहनगतिशास्त्र सिनियरांनी ठेवलेल्या एक्सेल शीटवर उभं असतं. शीटमधलं सूत्र कुठून आलं, हे विचारायला सिनियर कॉलेजात उरलेले नसतात.

म्हणून सेमिनारला जाण्याआधीचे दोन आठवडे खरे महत्त्वाचे. आपल्या गाडीचे मोजलेले आकडे जवळ नसतील, तर तीन दिवसांत ऐकलेलं सगळं सर्वसाधारण ज्ञान म्हणून वहीत उतरतं आणि वहीतच राहतं. आकडे जवळ असतील, तर प्रत्येक सूत्र तिथल्या तिथे आपल्या गाडीला लावून बघता येतं.

एक उदाहरण घेऊ. चालकासह २८० किलोची गाडी, गुरुत्वमध्य (मुलांच्या बोलण्यात सीजी) जमिनीपासून ३०० मिमीवर, ट्रॅक (डाव्या-उजव्या चाकांतलं अंतर) १२०० मिमी. १.५ जीच्या (गुरुत्वप्रवेगाच्या दीडपट) वळणात आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर किती वजन जाईल? २८० गुणिले १.५ गुणिले ३००, भागिले १२००. उत्तर १०५ किलो. उभ्या गाडीत दोन्ही बाजूंना १४०-१४० किलो होते. वळणात आत ३५ उरले आणि बाहेर २४५ झाले. या सूत्रात स्प्रिंग कुठेच आलेली नाही. अँटी-रोल बारही (गाडीचं कलणं रोखणारा दांडा) नाही, रोल सेंटरही नाही. वर्षभर ज्या गोष्टींवर टीममध्ये वाद झाले, त्यांपैकी एकही या १०५ किलोंना हात लावू शकत नाही. वजन, सीजीची उंची आणि ट्रॅक, एवढंच तिथे चालतं. स्प्रिंग, बार आणि रोल सेंटर मिळून ठरवतात ते हे, की त्या १०५ किलोंपैकी किती पुढच्या अॅक्सलने उचलायचे आणि किती मागच्या.

ही वाटणी इतकी महत्त्वाची का, याचं उत्तर पुन्हा टायरमध्येच आहे. टायरवरचं वजन वाढलं की पकड वाढते, पण त्याच प्रमाणात वाढत नाही. समजा, ७० किलो वजनाला टायरचा घर्षणांक १.६० आहे, १२० किलोला १.४५ आणि २० किलोला १.७५. एका अॅक्सलवर ७०-७० असताना बाजूची पकड २२४ किलो मिळते. तेच वजन १२० आणि २० असं विभागलं गेलं की १७४ अधिक ३५, म्हणजे २०९. टायर तेच, एकूण वजन तेच, तरी जवळपास सात टक्के पकड गेली. म्हणून ज्या अॅक्सलवर जास्त वजन इकडून तिकडे जातं, तो अॅक्सल आधी सुटतो. पुढचा बार कडक केला की गाडीचं नाक वळणाबाहेर का जातं, त्याचा हिशेब हा असा आहे. हा हिशेब एकदा हाताने केलेली मुलगी बार बदलताना अंदाजाने बदलत नाही.

टायरचे हे आकडे मिळतात कुठून? फॉर्म्युला एसएई टायर टेस्ट कन्सॉर्टियममध्ये टीमने वर्गणी भरली की अमेरिकेत बफेलोच्या कॅलस्पॅन प्रयोगशाळेत घेतलेल्या चाचण्यांचा कच्चा डेटा मिळतो. याच प्रयोगशाळेच्या आधीच्या रूपात, कॉर्नेल एरोनॉटिकल लॅबोरेटरीत, बिल मिलिकन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विमानाच्या स्थिरतेचं गणित मोटारगाडीला लावलं आणि १९५६मध्ये लंडनला शोधनिबंध वाचले. आजच्या कुठल्याही सेमिनारमधला अर्धा फळा तिथून आलेला आहे.

डेटा हाती आल्यावर दोन चुका हमखास होतात. पहिली चिन्हांची. या फायलींत एसएईची अक्षपद्धत आहे, उभा अक्ष खाली धन, त्यामुळे टायरवरचं वजन ऋण आकड्यात दिसतं. आपलं सिम्युलेशन आयएसओ पद्धतीत (उभा अक्ष वर धन) असेल आणि कुणी नुसतं वजनाचं चिन्ह उलटवलं, तर कॅम्बरचा परिणाम उलटा लागतो. मग सॉफ्टवेअर सांगतं की चाक बाहेर झुकवलं तर पकड वाढते, आणि एखादी टीम त्यावर विश्वासही ठेवते. दुसरी चूक पकडीच्या आकड्याची. चाचणी सँडपेपरसारख्या खरखरीत पट्ट्यावर होते, म्हणून घर्षणांक अडीचच्या आसपास दिसू शकतो. डांबरावर तो मिळत नाही. साधारण त्याच्या दोन तृतीयांश धरून सुरुवात करायची, आणि मग आपल्या गाडीच्या स्किडपॅडवरून (वर्तुळात गाडी फिरवण्याच्या चाचणीवरून) तो गुणक नेमका करायचा.

स्किडपॅड हे त्यासाठी उत्तम साधन आहे, आणि आपल्याकडच्या टीम त्याला फक्त गुणांची स्पर्धा समजतात याचं वाईट वाटतं. दोन वर्तुळं, आतला व्यास १५.२५ मीटर, बाहेरचा २१.२५, दोन्ही केंद्रांत १८.२५ मीटर अंतर. म्हणजे साधारण ४० बाय २२ मीटरचा सपाट डांबरी तुकडा, आत-बाहेर जायची वाट, आणि चोहीकडे सुरक्षेसाठी मोकळी जागा. एवढी जागा बऱ्याच कॉलेजांच्या पार्किंगमध्ये रविवारी निघते. गाडीच्या मध्याची त्रिज्या साडेआठ मीटर धरली आणि एक फेरी ५.५ सेकंदांत झाली, तर बाजूचा प्रवेग १.१३ जी येतो. ५.० सेकंदांना १.३७. ४.९ सेकंदांना १.४२. प्रवेग वेळेच्या वर्गाच्या व्यस्तात बदलतो, म्हणून वेळेत दोन टक्के सुधारणा म्हणजे पकडीत चार टक्के. स्टॉपवॉच आणि टेप एवढ्या भांडवलावर हा आकडा मिळतो. सेमिनारमध्ये कुणी विचारलं, की तुमची गाडी किती जी काढते, तर सिम्युलेशनमधला आकडा सांगायची वेळ येत नाही.

आता सीजीची उंची. वरच्या १०५ किलोंच्या हिशेबाचा कणा तोच आकडा, आणि तोच सगळ्यांत वाईट मोजला जातो. बहुतेक टीम तो सीएडीमधून (संगणकावरच्या आराखड्यातून) उचलतात. सीएडीमध्ये वायरिंग नसतं, ब्रेकचं तेल नसतं, वेल्डिंगचं वजन नसतं आणि चालक म्हणून एक ठोकळा बसवलेला असतो. मोजायची पद्धत तशी सोपी आहे. गाडी चार वजनकाट्यांवर ठेवायची, चालक खऱ्या बसण्याच्या स्थितीत, बेल्ट लावून. डॅम्पर (धक्के शोषणारे) काढून त्यांच्या जागी त्याच लांबीच्या भक्कम पट्ट्या लावायच्या, म्हणजे सस्पेन्शन हलणार नाही. टायरमध्ये हवा नेहमीपेक्षा जास्त भरायची. इंधनाची टाकी एकतर काठोकाठ किंवा पूर्ण रिकामी. अर्धी असेल तर पेट्रोल पुढे सरकतं आणि मोजमाप बिघडतं. ब्रेक मोकळे, गिअर न्यूट्रल. मग मागचा अॅक्सल ४०० मिमी उचलायचा आणि पुढच्या काट्यांवर किती वजन वाढलं ते बघायचं.

इथे आकडा समजून घेण्यासारखा आहे. व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर) १५५० मिमी, उचल ४००, म्हणजे गाडी पंधरा अंशांना झुकली. १६ इंची टायरचं केंद्र जमिनीपासून साधारण २०० मिमीवर असतं. सीजी ३०० मिमीवर असेल, तर तो चाकांच्या केंद्ररेषेच्या १०० मिमी वर. सूत्रात घातलं तर पुढच्या काट्यांवर फक्त ४.८ किलो वाढतात. म्हणजे काट्याच्या एका किलोच्या चुकीने सीजी २१ मिमी वर-खाली जातो. चालकाने मान पुढे केली तरी आकडा हलतो. म्हणून एका मोजणीवर थांबायचं नाही. २००, ३००, ४०० आणि जमलं तर ५०० मिमी उचलून चारही वेळा मोजायचं, प्रत्येक वेळी गाडी खाली आणून पुन्हा, आणि आलेख काढून त्याच्या चढावरून उंची काढायची. एक संध्याकाळ जाते. त्या संध्याकाळनंतर टीमकडे असा एक आकडा असतो, ज्याच्यापुढे अधिक-उणे किती हेसुद्धा लिहिता येतं. डिझाइनचे परीक्षक त्या अधिक-उण्याकडे आधी बघतात.

चारही चाकांचं वजन घेताना काटे एका पातळीत हवेत हे सगळ्यांना माहीत असतं, पण किती पातळीत हे क्वचित विचारलं जातं. चाकाजवळची कडकपणाची किंमत २० न्यूटन प्रति मिमी असेल आणि एक काटा १ मिमी उंच असेल, तर प्रत्येक चाकावर साधारण अर्ध्या किलोचा फरक पडतो, एका कर्णावर वाढ आणि दुसऱ्यावर घट. ३ मिमी असेल तर कर्णावर मिळून तीन किलो. वर्कशॉपच्या फरशीत ३ मिमी सहज असतात. पाण्याची नळी लावून चारही जागा मोजाव्यात, खाली पत्र्याचे तुकडे सरकवून त्या सारख्या कराव्यात आणि फरशीवर रंगाने खुणा करून ठेवाव्यात. अँटी-रोल बार लावलेले असतील तर हाच फरक आणखी मोठा दिसतो, म्हणून आधी बार सोडून वजन जुळवायचं आणि मग बार ताण न देता जोडायचे.

मोशन रेशोबद्दल थोडं विस्ताराने लिहायला हवं, कारण यात पैसे जातात. चाक १ मिमी वर गेलं आणि स्प्रिंग ०.८ मिमी दबली, तर काही जण मोशन रेशो ०.८ म्हणतात आणि काही १.२५. दोन्ही पद्धती चालू आहेत, दोन्ही बरोबर आहेत. सेमिनारचे वक्ते एक वापरतात, टीमची जुनी शीट दुसरी वापरते. पुढच्या एका कोपऱ्यावर ५८ किलो स्प्रंग वजन (स्प्रिंगांवर तोललेलं) आहे आणि ३ हर्ट्झ (सेकंदाला तीन झोके) हवेत असं धरू. चाकाजवळ २०.६ न्यूटन प्रति मिमी लागतात. स्प्रिंग हवी २०.६ भागिले ०.६४ (०.८चा वर्ग), म्हणजे ३२.२, बाजारातल्या मापात साधारण १८४ पाउंड प्रति इंच. पद्धत उलटली आणि भागाकाराऐवजी गुणाकार झाला, तर १३.२ची स्प्रिंग मागवली जाते. ती लावल्यावर गाडी १.९ हर्ट्झवर येते, चालक बसताच खाली टेकते, आणि दोष डॅम्परला दिला जातो. परदेशातून आलेल्या चार स्प्रिंगा कपाटात पडून राहतात. सेमिनारच्या वहीच्या पहिल्या पानावर प्रत्येक चिन्हाची व्याख्या आणि एकक लिहून ठेवलं की हे टळतं. आणि गुणोत्तर प्रत्यक्ष मोजावं: स्प्रिंग काढून, चाकाखाली जॅक लावून पाच-पाच मिमीच्या पायऱ्यांनी चाक उचलायचं, प्रत्येक पायरीला डॅम्परची लांबी व्हर्नियरने घ्यायची. सीएडीतला आलेख आणि हा आलेख क्वचितच तंतोतंत जुळतात, बेल क्रँकचं (चाकाची हालचाल स्प्रिंगकडे वळवणारा तुकडा) भोक अर्धा मिमी इकडेतिकडे पाडलेलं असतं.

लवचीकपणा हा विषय सेमिनारमध्ये शेवटच्या दिवशी, सगळे दमलेले असताना येतो. तेव्हा जागं राहावं. स्टिअरिंग व्हील घट्ट धरून ठेवायचं, दुसऱ्याने पुढच्या रिमची कड हाताने ढकलायची आणि डायल गेज बघायचं. दहा इंची रिमच्या कडेला १ मिमी हालचाल म्हणजे टोमध्ये (चाक सरळ दिशेपासून आत-बाहेर वळलेलं असण्याचा कोन) जवळपास अर्धा अंश. ज्या टायरला कमाल पकडीपर्यंत जायला सात-आठ अंशांचा स्लिप अँगल (चाकाचं तोंड आणि त्याची प्रत्यक्ष दिशा यांतला कोन) लागतो, त्याच्यासाठी अर्धा अंश मोठा आहे. ज्या टीमने पाव अंशाच्या टोवर दोन मीटिंग घेतल्या, तिच्या गाडीत एवढं ढिलेपण सापडतं. कारण शोधायला रॅकचे बुश, कॉलमचा युनिव्हर्सल जॉइंट, टाय रॉडचा रॉड एन्ड आणि एकाच बाजूने धरलेला अपराइटचा (चाकाचा हब धरणारा भाग) बोल्ट, या क्रमाने जावं. नियमात स्टिअरिंग व्हीलला एकूण सात अंश मोकळीक चालते. तांत्रिक तपासणीत पास झालो म्हणजे गाडी घट्ट आहे असं कुणी धरू नये.

चासीच्या (गाडीच्या सांगाड्याच्या) पीळ-कडकपणाचंही तसंच. प्रति अंश किती न्यूटन-मीटर असा एकच आकडा फलकावर मिरवला जातो. तो सस्पेन्शनच्या रोल-कडकपणाशेजारी ठेवून वाचायचा असतो. वरच्या स्प्रिंगांनी, १२०० मिमी ट्रॅकला, दोन्ही अॅक्सलचा मिळून रोल-कडकपणा अंशाला साधारण ५२० न्यूटन-मीटर येतो. चासी २००० असेल तर ती चौपट कडक आहे आणि बार बदलल्याचा परिणाम चालकाला जाणवेल. चासी ८०० असेल तर बदलाचा बराच भाग नळ्यांच्या पिळात जिरेल. चाचणीत डायल गेज भार देणाऱ्या दांड्याच्या टोकाला लावलं, तर फिक्स्चरचा वाकही चासीच्या नावावर जमा होतो. गेज चासीच्या नळीवर लावावेत, आणि पुढे-मागे दोन्हीकडे.

एरोडायनॅमिक्सचं सत्र गर्दी खेचतं. तिथे वेगाचं भान ठेवावं. विंगांचं मिळून डाउनफोर्सचं (हवेने गाडी खाली दाबणाऱ्या जोराचं) गुणक-क्षेत्रफळ ३ चौरस मीटर असेल, तर स्किडपॅडच्या वेगाला साधारण २० किलो आणि ताशी ५८ किलोमीटरला ४५ किलो मिळतात. विंगांचं स्वतःचं वजन आणि त्यांनी सीजी किती वर नेला, हे त्याच कागदावर लिहून मग निर्णय करावा.

प्रश्न विचारण्याबद्दल. “रोल सेंटरची आदर्श उंची किती?” याला कुठलाही प्रामाणिक वक्ता “अवलंबून आहे” असंच म्हणेल, आणि मुलं हिरमुसतात. तोच प्रश्न असा मांडता येतो: गाडी २८० किलो, पुढे ४८ टक्के, सीजी ३०० अधिक-उणे १५, टायर आणि हवेचा दाब हा, स्किडपॅडवर १.३ जीच्या वर स्टिअरिंग वाढवलं तरी गाडी जास्त वळत नाही, बाहेरच्या पुढच्या टायरची बाहेरची कड आतल्या कडेपेक्षा जास्त तापते. मग उत्तरात कॅम्बरचा उल्लेख येतो, पुढच्या रोल-कडकपणाचा येतो, काय आधी तपासायचं हे येतं. असा प्रश्न आदल्या रात्री कागदावर लिहून ठेवावा. चहाच्या सुट्टीत शेजारी बसलेल्या रेस इंजिनिअरलाही तो दाखवता येतो, आणि ती माणसं असे कागद मनापासून वाचतात.

कुणाला पाठवायचं, यावर टीममध्ये मानापमान होतात. शेवटच्या वर्षाच्या कॅप्टनला पाठवणं हा सन्मान आहे, पण सहा महिन्यांत तो ज्ञानासकट निघून जातो. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षातले तिघं पाठवावेत: एक सस्पेन्शनवाला, एक डेटा आणि टायर बघणारा, एक चासीचा. वेळही बघावी. स्पर्धा जानेवारीत असेल, तर ऑक्टोबरमध्ये ऐकलेली भूमिती कामाची नसते, तोवर ब्रॅकेट वेल्ड झालेले असतात. तेव्हा गाडी ट्यून करण्याबद्दलचा आणि डेटाचा भाग ऐकावा, भूमितीची टिपणं पुढच्या गाडीसाठी ठेवावीत.

परत आल्यावर आठवड्याच्या आत तिघांनी सगळ्या टीमसमोर फळ्यावर तोच हिशेब मागच्या वर्षीच्या गाडीसाठी करून दाखवावा. सूत्र समजलं नसेल तर ते तिथेच उघडं पडतं. नंतर गाडी बाहेर काढायची. एका वेळी एकच बदल: मूळ सेटिंगवर पाच फेऱ्या, बार बदलून पाच, आणि पुन्हा मूळ सेटिंगवर पाच. शेवटच्या पाच फार महत्त्वाच्या, कारण दरम्यान टायर तापले, झिजले, रस्त्यावर रबर चढलं, चालकाचा हात बसला. पहिल्या आणि तिसऱ्या पाचांतला फरक बदलाच्या फरकाएवढाच असेल, तर बदलाबद्दल काही सिद्ध झालेलं नाही. चालक तोच ठेवायचा. हवेचा दाब गरम टायरवर मोजायचा. डॅम्परच्या हालचालीचा सेन्सर असेल तर नोंद सेकंदाला किमान २०० वेळा घ्यायची, नाहीतर डॅम्परचे वेग खोटे येतात. आग विझवण्याचं साधन हातात धरलेला माणूस प्रत्येक फेरीला जागेवर हवा.

फॉर्म्युला एसएईच्या नियमांत हजारपैकी १५० गुण डिझाइनचे असतात आणि २७५ एन्ड्युरन्सचे (लांब पल्ल्याच्या फेरीचे), साधारण २२ किलोमीटर, मध्ये चालकबदल. आपल्याकडच्या कितीतरी सुंदर गाड्या त्या बावीस किलोमीटरांत एखाद्या सैल झालेल्या नटापायी किंवा तापलेल्या इंजिनापायी थांबतात. सेमिनारहून आलेल्यांनी नवी भूमिती मांडली, तर टीमने एक हिशेब जरूर करावा: हा बदल करायला किती आठवडे, आणि तेवढ्या आठवड्यांत गाडी किती किलोमीटर चालवता आली असती. माझ्या मते पहिल्या तीन वर्षांच्या टीमने दर वेळी किलोमीटर निवडावेत.

मोजलेलं सगळं एका फायलीत राहावं. प्रत्येक आकड्यापुढे एकक, तारीख, कुणी मोजला, चालक गाडीत होता की नव्हता, टाकीत किती इंधन होतं, आणि मोशन रेशो कुठल्या व्याख्येने. फाइल कॉलेजच्या सामाईक खात्यावर ठेवावी, पासआउट होणाऱ्याच्या लॅपटॉपवर ठेवू नये.